जिन्याखालचा कान

सोमवार, ३

आजपासून ‘कान’ सुरू झाला, आणि सकाळपासून मी धास्तावलेली आहे. यंत्र बिघडेल याची भीती नाही. बिघडलेली यंत्रं दुरुस्त करणं हाच तर माझा धंदा. भीती आहे ती ते चालेल याचीच.

मागच्या इमारतीतलं पोर घरच्यांचा मार खाऊन हॉस्पिटलात गेलं, तेव्हा त्या मजल्यावरचा प्रत्येकजण म्हणाला, “आम्हाला ऐकू यायचं हो.” प्रत्येकाला वाटलं होतं, दुसरं कोणीतरी बोलेल. त्यानंतर एकदा नर्सबाई माझ्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात आल्या आणि काउंटरवर कोपर टेकून म्हणाल्या, “तुझ्याकडे जुन्या फोनांचा ढीग पडलाय ना? त्याचं काहीतरी भलं कर.”

ते भलं म्हणजे हा कान. जुने फोन लाकडी डब्यांत बसवलेत. एक डबा बेकरीत, एक वाचनालयात, एक आमच्या इमारतीत जिन्याखाली. मुलाने एक चित्र निवडायचं. छत्री, शिडी, कासव, चमचा, असली पुष्कळ आहेत. तेच चित्र कायम आपलं धरायचं आणि बटण दाबून बोलायचं. आवाज मी इतका जाड करून टाकलाय की पोराचा की पोरीचा, लहानाचा की मोठ्याचा, काही पत्ता लागत नाही. निरोप माझ्या आणि नर्सबाईंच्या फोनवर येतो.

नियम नर्सबाईंचे. एकट्याने कुणाच्या दारी जायचं नाही, दोघांनी जायचं, वायरिंग तपासायच्या निमित्ताने. आधी मूल स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं, मग मुलांच्या मदत कार्यालयाला फोन. आपल्या नात्यातलं कोणी असेल तर आपण चौकशी करायची नाही, दुसऱ्याला बोलवायचं. आणि कानात आलेली गोष्ट बाहेर कुणाला सांगायची नाही.

डब्यांना काचा दादाने दिल्या. त्याचं चष्म्याचं दुकान आहे, काच कापावी ती त्यानेच. कडा इतक्या घासून दिल्यात की मुलांचं बोट कापायचं नाही. “वेडाबाई, चांगलं काम करतेयस,” म्हणाला. तेवढ्याने जरा बरं वाटलं.

बुधवार, ५

‘शिडी’ने विचारलंय, उद्याची परीक्षा रद्द करता येईल का. ‘कासवा’ने नुसती ढेकर दिलीय.

रात्री जेवताना मी दोन्ही निरोप नक्कल करून सांगितले. कुणाला सांगायचं नाही हा नियम बाहेरच्यांसाठी, घरच्यांसाठी नव्हे. दादा बाहेरचा थोडाच आहे? आई-बाबा गेल्यावर त्यानेच मला शिकवलं, दुकान काढून दिलं. आजवर त्याच्यापासून काही लपवलेलं मला आठवत नाही.

पुतणीने, म्हणजे आमच्या मुंगीने, विचारलं, “आत्या, आवाज खरंच ओळखू येत नाही?”

“तुझ्या बापालाही नाही यायचा,” मी म्हटलं. सगळे हसलो. मुंगी हसली नाही, तिने भाताचा घास तसाच हातात धरून ठेवला होता. साखरेची चटक लागलेली ही पोर हल्ली जेवायला अगदी कुरकुर करते.

वहिनी वाढता वाढता म्हणाली, “आणि बायकांनी दाबलं तर चालतं का हो, ताई?”

“तुला कसली तक्रार करायचीय? मीठ जास्त झाल्याची?” मी म्हटलं. दादाला फार हसू आलं. वहिनीही हसली आणि आत पाणी आणायला गेली.

शनिवार, ८

‘चमचा’ नावाचं कोणीतरी आहे. इतकी चांगली चित्रं सोडून चमचा कोण घेतं, कोण जाणे. जिन्याखालच्या डब्यातून निरोप आला. शब्द एकही नाही, नुसता श्वास. नाक चोंदल्यासारखा. मग डब्याचं झाकण लागल्याचा आवाज.

थोड्या वेळाने पुन्हा तेच.

माझ्या हातातला स्क्रूड्रायव्हर खाली पडला आणि समोरचा गिऱ्हाईक म्हणाला, “बाई, माझाच फोन आहे ना तो, जपून.”

जिन्याखालचा डबा म्हणजे मूल आमच्याच इमारतीतलं. माझ्या डोक्यात लगेच वरच्या मजल्यावरचा ट्रक ड्रायव्हर आला. त्याला सगळे तोफ म्हणतात. बोलला की आमच्या छताला हादरे बसतात. बायको नाही, लहान मुलगा आहे, आणि त्या मुलाच्या नावाने रोज संध्याकाळी तोफ डागली जाते. मी दादाला सांगितलं. तो चष्मा पुसत शांतपणे म्हणाला, “मुलं खेळतात गं. लगेच राईचा पर्वत करू नकोस.” दादाचा आवाज कधी चढत नाही. माणसाने असं असावं.

रविवार, ९

आज घरात आवराआवर काढली. दादाच्या खोलीतल्या मोठ्या कपाटातून चादर आण म्हणून मुंगीला सांगितलं, तर पोरगी हलेना. हाताला धरून नेलं तर पाय रोवून उभी राहिली. एवढ्या उकाड्यात लांब बाह्यांचा फ्रॉक घालून! हल्लीच्या मुलींची फॅशन आपल्याला कळत नाही.

“अगं, कपाटाला काय भितेस?” मी म्हटलं. “तुझे बाबा लहानपणी मला ह्यातच कोंडायचे. शंभरपर्यंत मोज, मगच दार उघडीन. चुकलीस की परत पहिल्यापासून. मी हमखास एकोणऐंशीला अडायचे. पण त्यामुळेच माझं गणित पक्कं झालं, काय रे दादा?”

दादा हसला. “आठवतंय वाटतं तुला.”

आठवणारच. फटीतून उजेडाची एक रेघ दिसायची आणि तिच्यात दादाचे पाय. अजून लिफ्टमध्ये शिरायचं म्हटलं की माझा जीव घाबरा होतो. लोकांना मी सांगते, वजन कमी करायचंय म्हणून जिने चढते.

चादर शेवटी वहिनीने काढून दिली. कपाटाला बाहेरून नवी कडी लावलेली दिसली. दादा घरात काही मोडकं ठेवत नाही.

मंगळवार, ११

चमचा बोलला. किंवा बोलली. मी निरोप परत परत ऐकला. इथे जसाच्या तसा लिहिते.

“आत अंधार असतो. मोजायला लावतात. चुकलं की परत पहिल्यापासून. एकोणऐंशीला चुकतं. बाहेर काढल्यावर पट्टी. दंडावर, बाहीच्या आत. आवाज करायचा नाही.”

मी दुकानाचं शटर अर्धं ओढून बसून राहिले. सगळ्याच घरांत हा मोजायचा खेळ असतो की काय? तोफेच्या घरी माळा आहे, त्यावर पोराला ठेवत असेल. हे असं एक लेकरू ह्या क्षणी आपल्या डोक्यावर कुठेतरी अंधारात बसलेलं असेल, हा विचारच सहन होईना. नर्सबाईंना फोन केला. परवा जायचं ठरलं.

जेवताना दादाला शब्दन् शब्द सांगितला. त्याला जोरात ठसका लागला. पाणी पिऊन झाल्यावर त्याने अगदी आस्थेने विचारलं, “कुठल्या डब्यातून आला म्हणालीस?”

“जिन्याखालच्या.”

“कधी?”

“दुपारी. शाळा सुटल्यावर.”

“अस्सं,” दादा म्हणाला.

वहिनीच्या हातून आमटीचं भांडं पडलं. सगळी आमटी जमिनीवर. “ताई, जेवताना हा विषय नको हो,” ती म्हणाली, आणि तिचा आवाज इतका बारीक झाला होता की मलाच वाईट वाटलं. हळव्या माणसांसमोर अशा गोष्टी काढू नयेत. मुंगी बापाकडे बघत होती. दादा तिला म्हणाला, “जेव, बाळा. काही झालेलं नाही.”

गुरुवार, १३

नाक कापलं गेलं.

नर्सबाई आणि मी तोफेच्या दारात उभ्या. मी हातात टेस्टर धरलेला. “वायरिंग तपासायचंय.”

तोफ म्हणाला, म्हणजे गरजला, “वायरिंग? आमच्याकडे सकाळपासून लाइटच नाही! सरळ सांगा ना, पोरगं बघायला आलात. या, बघा!”

पोरगं बापाच्या पाठीवर लटकत बाहेर आलं. उघडंबंब. अंगावर एक ओरखडा नाही. तेही बापाइतक्याच जोरात ओरडून बोलत होतं. नर्सबाईंनी विचारल्यावर कळलं, इंजिनाशेजारी बसून बसून तोफेचे कान गेलेत. हळू बोललेलं त्याला ऐकूच येत नाही, म्हणून घरात दोघेही ओरडतात. माळ्यावर पोराची सायकल होती, बाकी काही नाही.

मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पण तोफ रागावला नाही. त्याने आम्हाला चहा दिला. म्हणाला, “माझं घर वाजतं म्हणून तुम्ही आलात. बरं केलंत. पण न वाजणाऱ्या घरात कोण जाणार? मलाही घ्या तुमच्यात. ऐकू कमी येतं, पण मी फोन कानाला चिकटवीन.”

नर्सबाईंनी तिथल्या तिथे त्याचा नंबर ‘काना’ला जोडायला लावला.

निघताना तो मला म्हणाला, “तुमच्या घराचं मात्र नवल वाटतं, बाई. एवढी लहान पोर घरात, पण माझा मुलगा म्हणतो, खालून कधी रडल्याचासुद्धा आवाज येत नाही.”

“वळण आहे घराला,” मी म्हटलं. नर्सबाई माझ्याकडे जरा वेळ बघत राहिल्या. कदाचित माझ्या बोलण्यात गर्व दिसला असेल.

शुक्रवार, १४

जिन्याखालचा डबा दादाने काढला. तिथे ओल आली होती म्हणे, मुलांना शॉक बसला असता. माझ्या टेबलावर आणून ठेवलाय, वायर नीट गुंडाळून, वर रबर लावून. त्याचं कुठलंही काम टापटीप. पण चमच्याने आता बोलायचं कुठून? मी चिडून विचारलं तर म्हणाला, “ज्याला खरंच गरज आहे तो बेकरीत जाईल. पळणार आहे का बेकरी?”

मुंगीला ताप आहे. शाळेत गेली नाही. दादा म्हणतो संसर्गाचा आहे, तू दुकानात शंभर लोकांना भेटतेस, खोलीत जाऊ नकोस. मी दाराबाहेरून हाक मारली. “हं,” एवढंच आलं.

वहिनी दोन दिवस माझ्या नजरेला नजर देत नाही. आमटीची अजून लाज वाटतेय बिचारीला.

चमचा गप्प आहे. बेकरीतून नाही, वाचनालयातून नाही. मी फोन हातातून खाली ठेवत नाही. जीव सारखा टांगणीला लागलाय.

रविवार, १६, दुपार

हे लिहितेय ते हात कामात राहावा म्हणून. अक्षर कसंही येतंय.

बेकरीतला डबा बघायला निघाले होते, बेकरी बंद. लगेच परत आले. दादा बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसून मऊ फडक्याने चष्मा पुसत होता. स्वयंपाकघरात नळ पूर्ण सोडलेला, आणि वहिनी मोरीपाशी नुसती उभी, भांडं एकही नाही. दादाच्या खोलीचं दार उघडं होतं. पलंग रिकामा.

आणि कुणीतरी मोजत होतं. लाकडाच्या आतून.

“तापातही अभ्यास,” दादा म्हणाला. “राहू दे तिला.”

मी हसले. खरंच हसले, आणि हिशेबाची वही आणते म्हणत माझ्या खोलीकडे वळले. तेवढ्यात आतला आवाज अडला. “एकोणऐंशी.” मग काही नाही. मग पुन्हा, “एकोणऐंशी.” मग नाक ओढल्याचा आवाज. मग, “एक. दोन. तीन.”

सगळं एकदम कळलं असं म्हणवत नाही. कळलेलं आधीपासून होतं, मी त्याच्याकडे पाठ करून उभी होते. फ्रॉकच्या बाह्या. कडी. आमटी. मी स्वतः ताटावर बसून त्याला एक-एक शब्द सांगितला, डबा कुठला, वेळ कुठली. त्या पोरीला तिथे मी पाठवलं.

मी केस पिकायला लागलेली बाई आहे. दोन पावलं चालून कडी काढायची होती. मला जमलं नाही. फडक्याचा काचेवर घासल्याचा तो बारीक आवाज ऐकूनच मी लहान झाले.

टेबलावर जिन्याखालचा डबा होता. रबर काढलं, फोन चालू केला. नर्सबाईंना सरळ फोन लावता आला असता, पण मग माझ्या आवाजात बोलावं लागलं असतं, आणि माझ्या आवाजात दादाविरुद्ध एक शब्द निघाला नसता. छत्री दाबली. तोंड डब्याला लावून म्हटलं, “चष्मेवाल्यांचं घर. मोठं कपाट. आत्ता.”

लगेच माझ्याच पिशवीत माझा फोन थरथरला.

अजून कोणी आलेलं नाही. मुंगी मोजत पन्नासाच्या पुढे गेलीय. दादा विचारतोय, “वेडाबाई, वही सापडली का?”

सापडतेय म्हटलं.

त्याची खुर्ची सरकली.

जिन्यात तोफेचा आवाज. अख्ख्या इमारतीला ऐकू जाईल असा. देवा, इतका गोड आवाज मी जन्मात ऐकला नव्हता.

सोमवार, १७

नर्सबाईंच्या घरी आहोत. मुंगी, वहिनी आणि मी.

दार मी उघडलं. बाहेर तोफ, आणि मागे धापा टाकत आलेल्या नर्सबाई. दादा माझ्या मागे उभा होता. “या ना, या,” तो म्हणाला, अगदी गिऱ्हाईकाला म्हणतो तसं. “वायरिंग का? वायरिंगचं सगळं ठीक आहे आमचं.”

“पोरगी कुठंय?” तोफ म्हणाला.

“झोपलीय. ताप आहे तिला.”

“मी नर्स आहे,” नर्सबाई म्हणाल्या आणि चपला न काढता आत गेल्या. दादा त्यांच्या वाटेत आला. हात वर केला नाही, आवाज चढवला नाही, नुसता खोलीच्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, “हे माझं घर आहे.” तेवढ्यात नळ बंद झाला. वहिनी ओल्या हातांनी बाहेर आली, त्याच्या बगलेखालून आत शिरली आणि कडी काढली.

मुंगी बाहेर येईना. गुडघ्यांत डोकं घालून म्हणाली, “अजून शंभर झाले नाहीत.”

मला वाटलं होतं, मी त्या कपाटाजवळही जाऊ शकणार नाही. पण मी आत शिरले आणि तिच्या शेजारी बसले. दार उघडंच होतं. तिच्या कानात सांगितलं, “एकोणऐंशीनंतर ऐंशी येतात गं.” मग आम्ही दोघींनी मिळून पुढचे मोजले. तेव्हा ती बाहेर आली.

नर्सबाईंनी बाही वर केली आणि पुन्हा खाली केली. कार्यालयातली बाई आणि पोलीस येईपर्यंत तोफ दारात बसून होता. पोलिसांबरोबर जाताना दादाने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. मी लहानपणी शाळेत पडले की जसा बघायचा, तसं. त्या नजरेची मला रात्रभर भीती वाटत राहिली, आणि त्याची कीवही येत राहिली. दोन्ही खरं आहे, म्हणून दोन्ही लिहून ठेवते.

बुधवार, १९

दादा जामिनावर सुटलाय. त्याचे फोन येतात. मी उचलत नाही. एकदा चुकून उचलला. “वेडाबाई, घरी ये. आपण तिघं-चौघं बसून बोलू,” इतक्या मायेने म्हणाला की मी पायांत चपला सरकवल्या होत्या. नर्सबाईंनी फोन काढून घेतला.

संध्याकाळी मुंगीच्या दंडाला मलम लावत होते. मी म्हटलं, “मुंगे, तू फार धीराची. कानात सगळं नीट सांगितलंस.”

तिने हात मागे घेतला. “मी नाही सांगितलं.”

“अगं, आता घाबरायचं काही कारण नाही.”

“खरंच नाही, आत्या! बाबा पण सारखे हेच म्हणत होते, तूच बोललीस. मी देवाची शप्पथ घेतली तरी ऐकेनात. माझं चित्र कासव आहे. मी फक्त ढेकर दिली होती.”

मोरीपाशी वहिनी भांडी विसळत होती. तिचे हात थांबले. मान खालीच होती.

“चमचा मी होते, ताई,” ती म्हणाली. “कचरा टाकायला जायची तेव्हा. मी केलं आणि शिक्षा हिला झाली. मी कडी काढायला गेले की म्हणायचे, पहिल्यापासून मोजायला लावीन.”

“मग मला का नाही सांगितलंस?” मी विचारलं. “एका घरात राहतो आपण. डब्यात कशाला बोलायचं? मला सांगायचंस ना!”

वहिनीने वळून माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत तिने माझ्याकडे असं सरळ कधी पाहिलं नव्हतं.

“तुम्ही त्यांना सांगितलं असतंत,” ती म्हणाली.

नळ पुन्हा सुरू झाला. मुंगीने दंड पुढे केला. मी उरलेलं मलम लावलं, मग उठून फडकं घेतलं आणि वहिनीने विसळलेली भांडी पुसायला लागले.